बेचाळीस पायऱ्या आणि तीस टक्के

मराठीत 'त्याचं हार्ट फेल झालं' हे वाक्य कायम भूतकाळातच बोललं जातं. ते ऐकल्यावर 'आता कसा आहे?' असं कुणी विचारत नाही, 'कधी नेणार?' असं विचारतात. त्यामुळे २०२४ च्या जानेवारीत डॉक्टरांनी बाबांबद्दल 'हार्ट फेल्युअर आहे' असं वर्तमानकाळात सांगितलं आणि त्याच दमात 'शनिवारी घरी सोडू' असंही म्हटलं, तेव्हा आमच्या नातेवाइकांची पंचाईत झाली. साताऱ्याच्या आत्याने फोनवर आधी हुंदका दिला आणि मग विचारलं, "म्हणजे नक्की झालंय काय गं?"

झालं होतं ते असं. वर्षभरापूर्वी बाबांना हार्ट ॲटॅक येऊन गेला होता. स्टेंट बसला, बाबा घरी आले, पण त्या ॲटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूचा जो भाग मेला तो मेलाच. उरलेल्या भागाने काम ओढलं, आणि ओढता ओढता तोही थकला. पायांवर सूज आली. रात्री उताणं झोपलं की धाप लागायची, म्हणून एका उशीच्या दोन, दोनाच्या तीन झाल्या. हार्ट फेल्युअर म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, कमी पडणं. शरीराला लागेल तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमत नाही आणि मागे पाणी साचत जातं. हा आजार बहुतेकदा पूर्ण जात नाही, पण त्याच्यासोबत वर्षानुवर्षं जगता येतं.

रिपोर्टवर एक आकडा होता. इजेक्शन फ्रॅक्शन ३० टक्के. हृदयाचा डावा कप्पा रक्ताने भरतो आणि आकुंचन पावला की त्यातला काही भाग पुढे ढकलतो, तो भाग म्हणजे हा आकडा. ठणठणीत माणसाचं हृदयही १०० टक्के रिकामं होत नाही. साधारण ५५ ते ७० टक्के असेल तर ते उत्तम मानतात. बाबांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पास व्हायला पस्तीस लागतात. म्हणजे पाच मार्कांनी गेलो. ग्रेस मिळतील का?"

हा विनोद त्यांनी केला त्याला कारण आहे. अप्पा बळवंत चौकातल्या एका पुस्तकांच्या दुकानात काउंटरमागे उभं राहून बाबांनी ३४ वर्षं काढली. अर्ध्या पुण्याची पोरं पस्तीसच्या वर निघावीत म्हणून त्यांनी नवनीतची गाइडं आणि '२१ अपेक्षित' माळ्यावरून काढून दिली आहेत. तेव्हा त्यांचं वय होतं ६२. आपल्याकडे हे वय वेगळं नाही. केरळमधल्या त्रिवेंद्रम हार्ट फेल्युअर रजिस्ट्रीत ज्या १,२०५ रुग्णांची नोंद झाली, त्यांचं सरासरी वय ६१ होतं. पाश्चात्त्य देशांत हा आजार बहुतेकदा सत्तरीनंतर गाठतो. आपल्याकडे तो निवृत्तीच्या आसपासच दार वाजवतो. घरात मुलांची लग्नं व्हायची असतात, कर्जाचे शेवटचे हप्ते चालू असतात.

०००

आम्ही बुधवार पेठेत राहतो. पुण्याबाहेर हे सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं, त्याची मला कॉलेजपासून सवय आहे. लोकांच्या डोक्यात ज्या गल्ल्या असतात त्या इथे आहेतच. पण तांबडी जोगेश्वरी इथलीच, तुळशीबाग इथली, दगडूशेठ इथला, पासोड्या विठोबा इथला. १८४८ मध्ये जोतिबा आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा ज्या भिडे वाड्यात भरवली तोही इथलाच. आमची इमारत जुन्या वाड्याच्या जागी उभी राहिलेली. दुसरा मजला, लिफ्ट नाही, जिना अरुंद, एकूण ४२ पायऱ्या. हा आकडा मला पूर्वी ठाऊक नव्हता. बाबा घरी आले त्या शनिवारी तो घरातल्या सगळ्यांना पाठ झाला, कारण त्या पायऱ्या चढायला त्यांना मधे ५ वेळा थांबावं लागलं.

डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांची लांबलचक यादी होती, मीठ कमी आणि पाणी मोजून असं पथ्य होतं, आणि शेवटी एक शब्द होता: आराम. किती आराम, कधीपर्यंत, हे काही लिहिलेलं नव्हतं. मग ते आपापल्या परीने भरून काढायला सगळे सरसावले. आत्या म्हणाली, सहा महिने जागेवरून उठू देऊ नका. शेजारच्या काकूंनी शहाळी आणली, ती पाण्याच्या हिशेबामुळे आणि त्यातल्या पोटॅशियममुळे तशीच राहिली. आईने पलंग खिडकीशी ओढला. पाणी हातात, पेपर हातात, टीव्हीचा रिमोट हातात. बाबा नुसते उठायला लागले तरी ती स्वयंपाकघरातून ओरडायची, "अहो, काय हवंय? मी देते ना!"

आपल्या भाषेत याला 'जपणं' म्हणतात. जिवाला जप, तब्येतीला जपा. हा फार चांगला शब्द आहे. आजारी माणसाला हलू न देणं ही आपल्याकडे प्रेमाची सगळ्यात सोपी आणि सगळ्यांना दिसणारी खूण आहे. भेटायला आलेला माणूस बाबांना पलंगावर बघून समाधानाने मान डोलवायचा. तेच बाबा गॅलरीत उभे दिसले तर आईला ऐकवायचा.

तीन आठवड्यांत दोन गोष्टी झाल्या. बाबांच्या मांड्या बारीक झाल्या, पायजम्याची नाडी चार बोटं आत गेली. आणि बाबांनी विनोद करणं थांबवलं. संडासापर्यंत जाऊन आले की ते हाताची नाडी धरून बसायचे. धाप लागली की घाबरायचे, घाबरले की आणखी धाप लागायची, आणि म्हणून पुढच्या वेळी उठायचंच टाळायचे.

०००

हे फक्त आमच्या घरात होत होतं असं नाही. वैद्यकशास्त्रानेही हृदयरोग्याला दीर्घकाळ असंच जपलं. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हार्ट ॲटॅक आलेल्या माणसाला चार ते सहा आठवडे पलंगावरून उतरू देत नसत, काही ठिकाणी तर त्याला स्वतःच्या हाताने जेवूही देत नसत. १९५२ मध्ये बोस्टनच्या सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन या डॉक्टरांनी ८१ रुग्णांना लवकरच पलंगावरून उठवून आरामखुर्चीत बसवलं. एवढंच, नुसतं बसवलं. त्या काळात हेही धाडस होतं. रुग्ण दगावतील अशी भीती होती, पण ते उलट तरतरीत झाले.

पुढे १९६६ मध्ये अमेरिकेत डॅलसला आणखी एक प्रयोग झाला. साधारण २० वर्षांच्या ५ धडधाकट तरुणांना ३ आठवडे पलंगावर झोपवून ठेवलं. तेवढ्यात त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची क्षमता पावपटीहून जास्त घसरली. या गोष्टीचा खरा धक्का ३० वर्षांनी बसला. पन्नाशीला आलेल्या त्याच पाच जणांना पुन्हा तपासलं, तेव्हा दिसलं की ३० वर्षांच्या वयाने त्यांची क्षमता जितकी कमी केली होती, त्याहून जास्त त्या ३ आठवड्यांच्या झोपण्याने केली होती.

हे वाचल्यावर मी बाबांच्या पलंगाकडे बघितलं. तेही तीन आठवडेच होते. आणि बाबा वीस वर्षांचे नव्हते, धडधाकटही नव्हते.

मग प्रश्न येतो की हृदयच कमी पडत असेल तर चालून काय होणार? पंप बिघडला असेल तर नळ जास्त सोडून उपयोग काय? हा प्रश्न डॉक्टरांनाही पडला होता. हार्ट फेल्युअरच्या रुग्णाला व्यायाम देणं बराच काळ धोक्याचंच मानलं जायचं. पण १९८० च्या दशकापासून एक कोडं समोर येत गेलं. इजेक्शन फ्रॅक्शन आणि माणूस किती चालू शकतो यांचा मेळच बसत नव्हता. सारखाच आकडा असलेल्या दोघांपैकी एक जिना चढून जायचा, दुसऱ्याला अंघोळ करतानाही दम लागायचा. १९९० मध्ये अँड्र्यू कोट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट'मध्ये एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. मोजक्याच रुग्णांना घरी सायकलचा व्यायाम दिला होता. त्यांची ताकद वाढली. पुढे १९९४ मध्ये कोट्स यांनी मांडणी केली की यात हृदयाइतकेच हातापायांचे स्नायूही गुन्हेगार आहेत. हृदय कमी रक्त देतं, माणूस हालचाल कमी करतो, स्नायू रोडावतात आणि बिघडतात. मग थोड्याशा कामालाही ते थकतात आणि मेंदूला सांगतात, श्वास वाढव. धाप छातीत जाणवते, पण तिचा एक उगम मांडीत असतो.

माझ्यासाठी या आजारातली ही सगळ्यात मोठी बातमी होती. मेलेला हृदयाचा स्नायू परत आणता येत नाही. मांडीचा स्नायू मात्र येतो.

०००

नदीपलीकडच्या एका मोठ्या रुग्णालयात 'कार्डिॲक रिहॅब' नावाचा विभाग आहे हे आम्हाला फॉलो-अपच्या वेळी कळलं. अशी सोय आपल्याकडे मोजक्याच मोठ्या रुग्णालयांत असते, आणि असते तिथेही पेशंट कमीच. डॉक्टरांनी आधी बाबांची तब्येत स्थिर आहे ना, सूज उतरली आहे ना, गोळ्यांचे डोस बसले आहेत ना, हे पाहिलं. त्यानंतरच फिजिओथेरपिस्ट मॅडमकडे पाठवलं.

मॅडमनी पहिल्या दिवशी एक परीक्षा घेतली. कॉरिडॉरमध्ये ३० मीटरवर दोन खुणा. ६ मिनिटांत जमेल तेवढ्या फेऱ्या मारायच्या, धावायचं नाही, दम लागला तर थांबायचं, पण घड्याळ थांबणार नाही. याला 'सिक्स मिनिट वॉक टेस्ट' म्हणतात. ना यंत्र, ना सुई. तरीही हार्ट फेल्युअरच्या रुग्णाबद्दल ही चाचणी बरंच काही सांगून जाते. बाबा २१८ मीटर चालले. दोनदा भिंतीला टेकले.

मग मॅडमनी एक तक्ता दाखवला. स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांनी तयार केलेली श्रमाची पट्टी. ती ६ पासून सुरू होते आणि २० ला संपते. ६ म्हणजे काहीच श्रम नाहीत, २० म्हणजे आता जीव जातो. "काका, तुम्ही ११ ते १३ च्या मध्ये राहायचं," त्या म्हणाल्या. बाबांनी तक्ता बराच वेळ बघितला. रिक्षात बसल्यावर त्यांनी त्याचं भाषांतर केलं. ६ म्हणजे मे महिन्यातली दुपार, दुकानात माशा. १३ म्हणजे दिवाळीनंतरचं सत्र, गिऱ्हाईक आहे पण बोलायला वेळ मिळतो. २० म्हणजे शाळा उघडायच्या आदला रविवार. सहा आठवड्यांत मला ऐकू आलेला तो त्यांचा पहिला विनोद.

हा तक्ता इतका महत्त्वाचा का, ते दादाने बेंगळुरूहून स्मार्टवॉच पाठवलं तेव्हा कळलं. आपल्याला वाटतं नाडी बघितली की झालं. पण हार्ट फेल्युअरमध्ये बीटा ब्लॉकर गटातली गोळी बहुतेकांना असते आणि ती नाडी वाढूच देत नाही. घड्याळ ८८ दाखवत असतं आणि माणूस घामाघूम झालेला असतो. अशा वेळी माणसालाच विचारावं लागतं, कसं वाटतंय. मॅडमनी आणखी सोपी युक्ती दिली. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये. बोलता येईना, तर वेग कमी करा. गाता येतंय, तर थोडा वाढवा.

अडचण पुढे होती. रिहॅबला आठवड्यातून दोनदा जायचं म्हणजे ४२ पायऱ्या उतरणं, लक्ष्मी रस्त्याच्या गर्दीतून रिक्षा, मग परत ४२ पायऱ्या. जाण्यायेण्यातच तक्त्यावरचे १७ व्हायचे. वर दर वेळची फी, जी आमच्या विम्यात बसत नव्हती. आणि मला सुट्टी. मॅडमनी मधला मार्ग काढला: सुरुवातीचे ६ दिवस त्यांच्यासमोर, पुढचं घरी, आणि दर आठवड्याला फोन. ही काही तडजोड नव्हती, हेही नंतर वाचनात आलं. ब्रिटनमध्ये 'रीच-एचएफ' नावाच्या प्रकल्पात २१६ रुग्णांवर असाच घरगुती कार्यक्रम तपासला गेला. खुर्चीवरचे व्यायाम किंवा हळूहळू वाढवत नेलेलं चालणं, सोबत एक प्रशिक्षित माणूस आणि घरातलं एक माणूस. त्या रुग्णांचं रोजचं जगणं सुधारलं होतं.

०००

आमच्या घरातलं ते एक माणूस म्हणजे आई. ती तुळशीबागेजवळच्या दोन दुकानांसाठी साड्यांचं फॉल-पिको करते. रिहॅबचा तिला मनातून राग होता. पण मोजमाप म्हटलं की तिचा हात शिवशिवतो. तिने आपली टेप काढून मजल्यावरची सामाईक गॅलरी मोजली. ११ मीटर. मग ती दाराशी साडी घेऊन बसायची, फॉल लावायची आणि बाबांच्या फेऱ्या मोजायची. एका फेरीला एक टाचणी उशीतून काढून डबीत. पहिल्या आठवड्यात ५ मिनिटं, दिवसातून ३ वेळा. आधी जागच्या जागी सावकाश हातपाय हलवणं, शेवटी पुन्हा सावकाश, कारण अशा हृदयाला एकदम सुरू आणि एकदम बंद मानवत नाही. नंतर खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं ५ वेळा, खुर्चीची पाठ धरून टाचा उचलणं १० वेळा. पुढे अर्धा लिटरच्या पाण्याच्या बाटल्या हातात आल्या.

आमच्या शेजारच्या आजोबांना हा 'व्यायाम' आहे हे पटेना. आणि त्यांचं म्हणणं मला कळतं. पुण्यात व्यायाम या शब्दाचा मोठा रुबाब आहे. इथे व्यायाम म्हणजे तालीम, लाल माती, जोर आणि बैठका. मानाच्या तिसऱ्या गणपतीचं नावच गुरुजी तालीम. १९२४ मध्ये टिळक रस्त्यावरची महाराष्ट्रीय मंडळ ही संस्था स्थापन झाली ती शरीर कमावण्यासाठी. रविवारी पर्वतीच्या १०३ पायऱ्या न थांबता चढणारे आजोबा आजही खाली उभ्या असलेल्यांकडे दयेने बघतात. या शब्दात ताकदवान माणसाला जागा आहे. खुर्चीतून पाच वेळा उठून धापा टाकणाऱ्या माणसासाठी आपल्याकडे शब्द नाही. म्हणून मग तो 'फिजिओ' होतो, 'रिहॅब' होतो, आणि रुग्णालयाच्या दाराआडच राहतो.

पाचव्या आठवड्यात मॅडम फोनवर म्हणाल्या, आता रस्त्यावर. बुधवार पेठेत दिवसा चालणं म्हणजे दुचाकी, हातगाड्या, तुळशीबागेतल्या पिशव्या आणि फूटपाथवर मांडलेला माल यांच्यातून वाट काढणं. दर वीस पावलांना थांबायचं, वळायचं, कुणाचा तरी हॉर्न. म्हणून आम्ही सकाळी सव्वासहाला खाली उतरायचो. त्या वेळी पेठ वेगळीच असते. शटर बंद, रस्ता झाडलेला, फुलवाले टोपल्या सोडतायत. बाबांच्या चालण्यासाठी नुसता रस्ता पुरत नाही, थोड्या थोड्या अंतरावर बसायला जागा लागते. जुन्या पेठेत ती आहे. बंद दुकानांच्या पायऱ्या, देवळाचा ओटा, चहावाल्याचं बाकडं. आमच्या दारापासून जोगेश्वरी, तिथून पासोड्या विठोबा आणि परत, या वाटेवर बाबांनी सात जागा हेरून ठेवल्या होत्या. महिनाभरात त्यांना तीन पुरायला लागल्या.

बसल्या बसल्या ओळखी झाल्या. चहावाला बाबांना पाहिलं की न विचारता अर्धाच कप द्यायचा, त्याच्या वडिलांनाही पाणी मोजून होतं. एका गल्लीच्या तोंडाशी पायरीवर बसून केस विंचरणारी एक बाई रोज आम्हाला येता-जाता बघायची. एक दिवस बाबा वरच थांबले आणि मी एकटीच दुधाला उतरले, तर तिने हाक मारली, "काका नाही आले आज? बरे आहेत ना?" हे मी वर जाऊन सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाबा सहालाच चपला घालून तयार होते.

०००

एप्रिलमध्ये, बारा आठवड्यांनी, बाबांनी मॅडमना तो प्रश्न विचारला. "याने आयुष्य किती वाढतं?"

मॅडमनी थाप मारली नाही. या विषयावरचा सगळ्यात मोठा अभ्यास 'एचएफ-ॲक्शन'. २,३३१ रुग्ण, अमेरिका, कॅनडा आणि फ्रान्समधली ८२ केंद्रं. निष्कर्ष २००९ मध्ये आले. आधी ३६ वेळा देखरेखीखाली व्यायाम, मग घरी. व्यायाम सुरक्षित आहे हे स्पष्ट झालं, लोकांना बरं वाटत होतं हेही. पण मृत्यू आणि रुग्णालयात भरती होणं यांत दिसलेला फरक लहान होता, सरळ हिशेबात तो ठामपणे सिद्ध झाला नाही. बऱ्याच जणांना घरी गेल्यावर ठरलेला व्यायाम टिकवताच आला नव्हता. २०१९ मध्ये कोक्रेन या संस्थेने ४४ चाचण्या आणि ५,७८३ रुग्ण एकत्र करून पाहिले. त्यात रुग्णालयात पुन्हा भरती होण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं आणि जगण्याची प्रत सुधारलेली दिसली. पहिल्या वर्षातल्या मृत्यूंत मात्र स्पष्ट फरक नव्हता. भारतातही 'योगा-केअर' ही चाचणी झाली. २४ रुग्णालयं, हार्ट ॲटॅकनंतरचे ३,९५९ रुग्ण, आणि परदेशी यंत्रांऐवजी योगावर आधारलेला कार्यक्रम. २०२० मध्ये आलेले निष्कर्ष त्याच धर्तीचे होते. मोठ्या दुर्घटना कमी झाल्याचं ठामपणे सिद्ध झालं नाही, पण माणसं आपल्या नेहमीच्या कामांकडे जास्त प्रमाणात परतली.

"मग मला काय मिळणार?" बाबांनी विचारलं.

"पायऱ्या," मॅडम म्हणाल्या.

त्या दिवशी बाबा ६ मिनिटांत ३०१ मीटर चालले. त्याच आठवड्यात इको झाला. इजेक्शन फ्रॅक्शन ३२ टक्के. तीसचे बत्तीस होणं हे मोजण्यातल्या फरकातही बसतं. म्हणजे पंप होता तिथेच होता. पण ४२ पायऱ्यांवर आता ते एकदाच थांबत होते, पहिल्या मजल्याच्या कठड्याशी, आणि तेही शेजारच्या आजोबांशी बोलायचं म्हणून, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं वरच जात राहिलं असं नाही. ऑगस्टमध्ये तीन दिवसांत बाबांचं वजन अडीच किलोने वाढलं. रोज सकाळी लघवीनंतर आणि चहाच्या आधी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहायचं, हा रिहॅबमधला पहिला धडा. तो पाळला होता म्हणून ते वेळेत कळलं. दोन-तीन दिवसांत दोन किलोच्या आसपास वाढलं तर ती चरबी नसते, पाणी असतं. चालणं तिथेच थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. चार रात्री रुग्णालयात गेल्या. घरी आल्यावर पहिल्या दिवशी बाबा पुन्हा तीनदा थांबले. त्यांचं तोंड उतरलं. आईने काही न बोलता टाचण्यांची डबी काढली आणि दाराशी जाऊन बसली. हीच आई फेब्रुवारीत "अहो, बसा" म्हणत होती. जपणं तिने सोडलेलं नव्हतंच, फक्त आता ती त्यांना उठवून जपत होती.

०००

तुम्ही हे फोनवर वाचत असाल, तर त्याच फोनमध्ये पावलं मोजणारं ॲपही असेल. तिथल्या १०,००० पावलांचा उगम कुठल्या वैद्यकीय शोधात नाही. १९६० च्या दशकात एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याला 'दहा हजार पावलांचं मीटर' अशा अर्थाचं नाव दिलं, तिथून तो आकडा जगभर पसरला. बाबांचा पहिल्या महिन्यातला दिवसाचा आकडा हजारापर्यंतही जात नव्हता. ॲप रोज संध्याकाळी त्यांना लक्ष्याची आठवण करून द्यायचं. शेवटी मी ते लक्ष्य १,५०० वर आणलं. पहिल्यांदा ते पूर्ण झालं त्या रात्री स्क्रीनवर रंगीत कागद उडाले. बाबांनी आईला ते दोनदा दाखवलं.

तुमच्या घरी असं कुणी नुकतं रुग्णालयातून आलं असेल, तर डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. आता चालायला सुरुवात करायची का? किती आणि कसं, हे दाखवणारं कुणी आहे का? आणि काय झालं की थांबायचं? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आम्ही फ्रिजवर चिकटवलंय: छातीत दुखणं, चक्कर, छातीत धडधड, नेहमीपेक्षा वेगळी धाप, वजनात अचानक वाढ. यातलं काही असेल तर व्यायाम नाही, आधी फोन. आणि जेवण झाल्या झाल्या चालायचं नाही.

चौथा प्रश्न मात्र डॉक्टरांना विचारून उपयोग नाही. चालायचं कुठे? २०२१ पासून पुणे महापालिका ११ डिसेंबरला पादचारी दिन पाळते आणि लक्ष्मी रस्त्याचा एक भाग दिवसभर वाहनांसाठी बंद ठेवते. २०२४ मध्ये बाबा त्या दिवशी रस्त्याच्या मधोमध चालले, सकाळी अकरा वाजता, भर उन्हात, हात मागे बांधून. एकही हॉर्न नाही. बोर्गच्या पट्टीवर किती, मी विचारलं. "नऊ," ते म्हणाले. रस्ता तोच, हृदय तेच, वेगही जवळपास तोच. चार आकडे नुसत्या गाड्यांचे होते. वर्षातला असा एकच दिवस असतो. मे महिन्याच्या उन्हाळ्यात आम्ही मंडईच्या मेट्रो स्टेशनात लिफ्टने उतरून तिकीट खिडकीच्या अलीकडे फेऱ्या मारल्या. जमीन सपाट, हवा गार. तिथे आम्हाला आणखी दोन काका तेच करताना भेटले. एकाच्या शर्टाच्या बटणांतून बायपासची खूण दिसत होती.

या जूनमध्ये, शाळा उघडायच्या आदल्या रविवारी, बाबा अप्पा बळवंत चौकात गेले. कामाला नाही, सहज. चौक नेहमीसारखा तुंबला होता, काउंटरसमोर चार-चार रांगा, पोरांचे आईबाप याद्या नाचवत होते. मालकांनी बाबांना बघितलं आणि लगेच आतून स्टूल मागवलं.

"राहू दे," बाबा म्हणाले, "उभा बरा आहे."

वीस मिनिटांनी ते बसले. पाच मिनिटं दम खाल्ला, आणि सातवीच्या बालभारतीसाठी कुणीतरी हाक मारली तेव्हा पुन्हा उठले.